पब्लिक रेडिओ, देणग्यांच्या मोहिमा आणि निवेदकांचं खासगी वर्तन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतले बरेच मराठी श्रोते ऑफिसला जाता-येता गाडीत तिथला पब्लिक रेडिओ, म्हणजे श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणारा रेडिओ, ऐकतात. पुण्या-नागपुरात बसून त्याचे पॉडकास्ट ऐकणारेही आता पुष्कळ झालेत. देणग्यांची मोहीम सुरू झाली, किंवा एखाद्या नावाजलेल्या निवेदकाला काढल्याची बातमी आली, की माझ्याकडे तेच तेच प्रश्न येऊ लागतात. मी गेली बरीच वर्षं देणगी देते आणि मोहिमेत फोन घ्यायलाही बसते, त्यामुळे उत्तरांत माझं मत येणारच. उत्तरांत आलेली नावं जाहीर नोंदीतली आहेत.

१. पब्लिक रेडिओ म्हणजे अमेरिकेची आकाशवाणीच ना?

नाही. आकाशवाणीची केंद्रं एकाच संस्थेची आहेत आणि ती मुख्यतः सरकारी पैशावर चालतात. अमेरिकेत शेकडो स्वतंत्र स्टेशनं आहेत. एखादं विद्यापीठाच्या मालकीचं, एखादं गावातल्या लोकांनी स्थापन केलेल्या ना-नफा संस्थेचं. श्रोत्यांच्या पैशावर स्टेशन चालवायची कल्पना तर सरकारी मदतीच्या आधीची आहे. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र हाती घ्यायला नकार देणाऱ्या लुईस हिल यांनी एप्रिल १९४९मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे केपीएफए सुरू केलं, ते श्रोत्यांच्या वर्गणीवर.

सरकार यात आलं ते १९६७ साली. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ७ नोव्हेंबरला पब्लिक ब्रॉडकास्टिंग कायद्यावर सही केली आणि त्यातून ‘कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग’, म्हणजे सीपीबी, उभी राहिली. सरकारी पैसा या संस्थेमार्फत स्टेशनांना वाटायचा, म्हणजे राजकारण्यांचा हात थेट बातमीपर्यंत पोहोचणार नाही, अशी त्यामागची योजना होती. ती किती टिकली, ते प्रश्न ८मध्ये.

२. एनपीआर हे स्टेशन आहे की कंपनी? सगळे कार्यक्रम त्यांचेच असतात का?

एनपीआर, म्हणजे ‘नॅशनल पब्लिक रेडिओ’, ही ना-नफा संस्था आहे. १९७० साली तिची नोंदणी झाली आणि ३ मे १९७१ला तिचं संध्याकाळचं वार्तापत्र पहिल्यांदा प्रसारित झालं. ती कार्यक्रम तयार करते आणि सभासद स्टेशनं ते पैसे देऊन घेतात. तुम्ही देणगी देता ती बहुतेक वेळा तुमच्या स्टेशनला, एनपीआरला नाही.

हा फरक वादाच्या वेळी फार महत्त्वाचा ठरतो. लोकप्रिय निवेदक गॅरिसन केइलर यांचं प्रकरण (प्रश्न ११) गाजलं तेव्हा कित्येकांनी एनपीआरच्या नावाने रागाची पत्रं लिहिली. त्यांचा कार्यक्रम एनपीआरचा कधीच नव्हता, तो मिनेसोटा पब्लिक रेडिओचा होता. तेव्हा कोणाला जाब विचारायचा ते आधी बघून घ्या.

३. मोहिमेत बातम्या थांबवून सारखे पैसे का मागतात? ऐकवत नाही हो!

ऐकवत नाही हे खरंच, आणि मागणाऱ्यांनाही ते माहीत असतं. अडचण अशी की हा रेडिओ फुकट ऐकता येतो. ऐकणाऱ्यांपैकी थोडेच पैसे देतात. गल्लीतल्या गणपतीसारखं आहे: दर्शन सगळ्यांना, पावती काही घरांची. बरं, इथे दारावर जाऊन पावती फाडता येत नाही, त्यामुळे आठवणच करून द्यावी लागते. ज्या घटकेला श्रोता ऐकत असतो, तीच एक घटका मागायची असते.

मी बसते त्या स्टेशनवर फोनची खोली स्टुडिओच्या काचेपलीकडे आहे. लांब टेबल, त्यावर फोन, प्रत्येकापुढे एक छापील फॉर्म: नाव, पत्ता, रक्कम, एकदाच की दरमहा, भेटीची पिशवी किंवा कॉफीचा मग हवा की नको. आत निवेदक बोलत असतात, ‘या तासाचं उद्दिष्ट गाठायला अजून अकरा फोन हवेत.’ बाहेर आम्ही फोनकडे बघत बसतो. बातम्यांचा भाग सुरू झाला की फोन थांबतात, विनंती सुरू झाली की वाजतात. हे इतकं ठरलेलं असतं की आता मला विनंतीचा राग येत नाही. एकदा एका आजींनी दहा डॉलर दिले आणि सांगितलं, ‘कॉफीचा मग पाठवू नका, त्याचा टपालखर्च वाचवा.’ फॉर्मवर मगाच्या चौकोनापुढे मी मोठ्ठी फुली मारली.

दरमहा देणारे वाढल्यापासून काही स्टेशनांनी मोहिमेचे दिवस कमी केले आहेत. मोहीम नको असेल तर त्यावर हाच खरा उपाय आहे.

४. ‘आत्ता फोन केलात तर तुमचे पैसे दुप्पट’, हे खरं असतं की नुसतं आमिष?

दोन प्रकार असतात. एकात मोठा देणगीदार म्हणतो, तुम्ही जितके जमवाल तितके मी देईन, अमुक मर्यादेपर्यंत. दुसऱ्यात ठरावीक वेळेत ठरावीक संख्येने लोकांनी देणगी दिली तर तो ठरलेली रक्कम देतो. दोन्हींत अट खरी असायला हवी. उद्दिष्ट चुकलं तरी तो पैसे देणारच असेल आणि स्टेशन हवेवर ‘नाहीतर हे पैसे जातील’ म्हणत असेल, तर ती श्रोत्याची फसवणूक आहे. असं वाटलं तर विचारा: उद्दिष्ट गाठलं नसतं तर ती रक्कम मिळाली नसती का? सरळ उत्तर देणारी स्टेशनं पुष्कळ आहेत.

५. कापडी पिशवी किंवा मग घेतला तर करसवलत जाते का?

पूर्ण जात नाही. देणगीतून वस्तूची बाजारातली किंमत वजा करून उरलेल्या रकमेवर सवलत मिळते. वस्तू अगदी किरकोळ असेल तर तीही वजा करावी लागत नाही. ७५ डॉलरच्या वर देणगी असेल आणि बदल्यात काही मिळालं असेल तर त्याची किंमत स्टेशनने लेखी कळवायची असते. २५० डॉलर किंवा त्याहून जास्त दिलेत तर पोचपावती जपून ठेवा, तिच्याशिवाय सवलत मागता येत नाही.

भारतातून देणगी देता येते, पण भारतातल्या आयकरात परदेशी संस्थेला दिलेल्या अशा देणगीची वजावट मिळत नाही.

६. जाहिराती नाहीत म्हणतात, मग कंपन्यांची नावं कशी ऐकू येतात?

ते प्रायोजकाचे उल्लेख. कंपनीचं नाव, ती काय करते, कुठे आहे, एवढं सांगता येतं. ‘आजच खरेदी करा’, ‘सगळ्यांत उत्तम’, ‘फक्त इतक्या डॉलरला’ असं म्हणता येत नाही. आवाहन, तुलना आणि किंमत यांना अमेरिकेच्या दळणवळण आयोगाची, म्हणजे एफसीसीची, मनाई आहे.

७. आमच्या स्टेशनने पूरग्रस्तांसाठी मोहीम का घेतली नाही? स्वतःसाठी तर मागतात!

हा प्रश्न चिडून विचारला जातो, पण यात बहुतेक वेळा स्टेशनचा दोष नसतो. अव्यावसायिक परवान्यावर चालणाऱ्या स्टेशनला नेहमीचे कार्यक्रम थांबवून दुसऱ्या संस्थेसाठी पैसे मागता येत नाहीत. मोठ्या आपत्तीत आयोगाने खास परवानगी दिल्याची उदाहरणं आहेत. २०१७ साली नियम थोडा सैल झाला आणि वर्षाच्या प्रसारणवेळेच्या एक टक्क्यापर्यंत सूट मिळाली, मात्र ती सीपीबीचा पैसा घेणाऱ्या स्टेशनांना लागू नव्हती. बातमी देणं, कुठे मदत पाठवायची हे सांगणं, याला आडकाठी नाही.

८. सरकारने पैसे बंद केले म्हणे. आता हा रेडिओ बंद पडणार का?

मोठ्या शहरांतली स्टेशनं लगेच पडणार नाहीत, लहान गावांतल्या काहींचा गळा मात्र आवळला गेला आहे. जुलै २०२५मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, सीपीबीला दोन वर्षांसाठी मंजूर झालेले सुमारे ११० कोटी डॉलर परत घेतले. ठराव सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ४८ मतांनी आणि प्रतिनिधिगृहात २१६ विरुद्ध २१३ मतांनी मंजूर झाला. १ ऑगस्टला सीपीबीने कामकाज गुंडाळत असल्याचं जाहीर केलं.

एनपीआरच्या स्वतःच्या उत्पन्नात थेट सरकारी पैसा एक टक्क्याच्या आसपास होता, हे वाचून काही जण म्हणतात, मग एवढी ओरड कशाला? कारण सरकारी पैशाचा मोठा वाटा स्टेशनांना जायचा, आणि तो जिथे सगळ्यात जास्त लागायचा तिथे देणगीदार सगळ्यात कमी आहेत. अलास्कातल्या बेथेल गावचं केवायूके घ्या. इंग्रजीबरोबर युपिक भाषेत प्रसारण करणारं हे स्टेशन. आसपासच्या वस्त्यांना रस्ते नाहीत, विमानाने किंवा नदीवरून जावं लागतं. तिथे मोहीम घेऊन किती जमणार? शिक्षा द्यायची होती वॉशिंग्टनच्या बातम्यांना, आणि बसली ती अशा गावांना. मला याचा राग आहे आणि तो मी लपवत नाही.

९. २०१० साली जुआन विल्यम्स यांना काढलं ते बरोबर होतं का?

हे खासगी वर्तनाचं प्रकरण नाही, जाहीर बोलण्याचं आहे. विल्यम्स एनपीआरवर वृत्तविश्लेषक होते आणि फॉक्स न्यूजवरही दिसायचे. ऑक्टोबर २०१०मध्ये फॉक्सवर ते म्हणाले की विमानात मुस्लिम पेहरावातली माणसं दिसली की मी अस्वस्थ होतो. त्याच चर्चेत, काही अतिरेक्यांमुळे सगळ्या मुसलमानांना दोष देऊ नये, असंही ते म्हणाले. दोन दिवसांत एनपीआरने फोनवरून त्यांचं कंत्राट संपवलं. वर एनपीआरच्या प्रमुख विव्हियन शिलर म्हणाल्या की त्यांनी आपल्या भावना स्वतःच्या मानसोपचारतज्ज्ञापाशी किंवा प्रसिद्धीवाल्यापाशी ठेवायला हव्या होत्या. या शब्दांबद्दल शिलर यांना माफी मागावी लागली.

माझ्या मते विश्लेषकाने स्वतःची भीती विश्लेषण म्हणून मांडू नये, हा आग्रह योग्य होता. पण समोर न बसवता, फोनवर, घाईने काढणं चूक होतं. देशभर कित्येक स्टेशनांची शरद ऋतूतली मोहीम तेव्हा चालू होती. निर्णय वॉशिंग्टनमध्ये झाला आणि शिव्या खाल्ल्या गावोगावच्या फोन घेणाऱ्यांनी. पुढे चौकशी झाली आणि जानेवारी २०११मध्ये वृत्तविभागाच्या प्रमुख एलन वाइस यांनी राजीनामा दिला.

१०. लपवलेल्या कॅमेऱ्यात सापडलेले ते निधीसंकलन प्रमुख कोण? त्यांनी लाच घेतली होती का?

नाही, पैसे घेतले नव्हते. रॉन शिलर, विव्हियन शिलर यांचे नातेवाईक नव्हेत, एनपीआरच्या निधीसंकलनाचे प्रमुख होते. छुप्या कॅमेऱ्याने चित्रीकरण करणारे उजव्या विचारांचे कार्यकर्ते जेम्स ओकीफ यांच्या माणसांनी एका बनावट मुस्लिम संस्थेचे देणगीदार असल्याचं सोंग घेऊन त्यांना वॉशिंग्टनमधल्या एका रेस्टॉरंटमध्ये जेवायला बोलावलं आणि ५० लाख डॉलर देऊ केले. जेवताना शिलर टी पार्टी या उजव्या राजकीय चळवळीच्या लोकांना वंशवादी म्हणाले. सरकारी पैसा नसेल तर दीर्घकाळात एनपीआरचं भलंच होईल, असंही बोलले. ८ मार्च २०११ला ध्वनिचित्रफीत बाहेर आली आणि दुसऱ्याच दिवशी विव्हियन शिलर यांना पायउतार व्हावं लागलं.

चेक वारंवार देऊ केला गेला आणि आम्ही तो घेतला नाही, असं एनपीआरने सांगितलं. पुढे पूर्ण चित्रीकरण तपासल्यावर दिसलं की छोटी फीत दिशाभूल होईल अशी कापली होती. हे दाखवून देणाऱ्यांत ग्लेन बेक या उजव्या विचारांच्या निवेदकाने सुरू केलेलं संकेतस्थळही होतं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्याच महिन्यात प्रतिनिधिगृहाने एनपीआरचा सरकारी पैसा रोखायचा ठराव २२८ विरुद्ध १९२ मतांनी मंजूर केला, सिनेटमध्ये तो पुढे गेला नाही.

कापाकापी मान्य करूनही एक गोष्ट राहतेच. देणगीदारासमोर बसलेला माणूस त्याला आवडेल ते बोलू लागतो. निधी गोळा करणाऱ्याने जेवणाच्या टेबलावर राजकारण बोलू नये हा नियम म्हणूनच हवा. मोठ्या देणगीदारांबद्दल आणखी प्रश्न १७मध्ये.

११. गॅरिसन केइलर यांनी नेमकं काय केलं होतं? एका स्पर्शासाठी एवढी शिक्षा?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

केइलर यांनी ६ जुलै १९७४ला मिनेसोटात ‘अ प्रेअरी होम कंपॅनियन’ हा शनिवार संध्याकाळचा कार्यक्रम सुरू केला. लेक वोबेगॉन या काल्पनिक गावाच्या गोष्टी, गाणी, खोट्या जाहिराती. लाखो घरांत तो ऐकला जायचा. २०१६ साली ते त्यातून निवृत्त झाले. २९ नोव्हेंबर २०१७ला मिनेसोटा पब्लिक रेडिओने जाहीर केलं की सोबत काम केलेल्या व्यक्तीशी गैरवर्तन केल्याच्या आरोपांवरून आम्ही त्यांच्याशी असलेले करार तोडत आहोत. तपशील दिला नाही.

तपशील केइलर यांनी दिला, त्यांच्या बाजूने. एका महिलेचं सांत्वन करताना आपला हात तिच्या उघड्या पाठीला लागला, आपण माफी मागितली, असं त्यांनी एका वृत्तपत्राला कळवलं. बहुतेक श्रोत्यांच्या मनात हीच गोष्ट बसली आणि तुमच्या प्रश्नातही तीच आहे. रेडिओ संस्था जवळजवळ दोन महिने गप्प राहिली. जानेवारी २०१८मध्ये तिने सांगितलं की कार्यक्रमात काम केलेल्या एका महिलेने अनेक वर्षांत घडलेल्या डझनावारी लैंगिक स्वरूपाच्या अनुचित प्रसंगांची तक्रार केली होती, त्यात नको असलेला स्पर्शही होता. केइलर यांनी हे चित्र नाकारलं. खटला उभा राहिला नाही, न्यायालयाचा निकाल नाही. एप्रिल २०१८मध्ये संस्था आणि केइलर यांच्यात समझोता झाला, त्यात संस्थेने २ लाख ७५ हजार डॉलर दिले आणि जुने कार्यक्रम पुन्हा खुले झाले.

तेव्हा ‘एका स्पर्शासाठी’ हे एका बाजूचं कथन आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. आणि दुसरी बाजूही न्यायालयात तपासली गेलेली नाही. आपण श्रोते एवढंच प्रामाणिकपणे म्हणू शकतो. संस्थेला मात्र मी दोष देते, तो त्या दोन महिन्यांसाठी. तक्रार करणाऱ्या महिलेचं नाव गुप्त ठेवूनही आरोपांचं स्वरूप पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. ते न सांगितल्यामुळे तिच्या तक्रारीची देशभर थट्टा झाली.

१२. माणूस घरी कसा वागतो त्याच्याशी आपल्याला काय करायचं? आवाज आवडतो, संपलं.

घरी कसा वागतो याच्याशी खरंच काही करायचं नाही. घटस्फोट, दारू, कर्ज, कोणाशी लग्न केलं, हे त्यांचं त्यांच्यापाशी. पण ज्या प्रकरणांबद्दल तुम्ही विचारता त्यांतली जवळजवळ एकही गोष्ट घरातली नाही. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनवायसीत डिसेंबर २०१७मध्ये लेनर्ड लोपेट आणि जोनाथन श्वार्ट्झ यांना काढलं ते कामाच्या ठिकाणच्या वागण्याच्या तक्रारींवरून. लोपेट यांनी आपली चूक मानली नाही. एनपीआरचे वृत्तप्रमुख मायकल ओरेस्कस १ नोव्हेंबर २०१७ला गेले तेव्हा आरोप होते ते नोकरीच्या शोधात आलेल्या किंवा हाताखाली काम करणाऱ्या स्त्रियांचे.

माझी कसोटी साधी आहे. समोरच्या व्यक्तीचा पगार, बढती, किंवा पहिली संधी याच्या हातात होती का? असेल तर ते वर्तन खासगी नाही. ते आपल्या देणगीने चालणाऱ्या कचेरीत घडलेलं आहे.

१३. ॲशब्रुक यांच्यावरचा लैंगिक छळाचा आरोप टिकला नाही, तरी नोकरी गेली. हे कसं?

टॉम ॲशब्रुक बॉस्टनच्या डब्ल्यूबीयूआरवर २००१पासून ‘ऑन पॉइंट’ सादर करत होते. स्टेशनचा परवाना बॉस्टन विद्यापीठाकडे आहे. तक्रारी आल्यावर बाहेरच्या संस्थांकडून चौकशी झाली. विद्यापीठाच्या व्याख्येत बसेल असा लैंगिक छळ आढळला नाही, पण सहकाऱ्यांना अपमानित करणारं, दहशतीचं वातावरण त्यांनी निर्माण केलं, असा निष्कर्ष निघाला. फेब्रुवारी २०१८मध्ये त्यांना काढलं. व्यवस्थापनाने वेळीच लक्ष घातलं नाही, हेही चौकशीत आलं.

मला हे प्रकरण या सगळ्यांत नीट हाताळलेलं वाटतं. काय सापडलं आणि काय सापडलं नाही, दोन्ही सांगितलं.

१४. कोर्टाने निर्दोष सोडलं तर परत घ्यायला नको का?

हा प्रश्न बहुतेक कॅनडाचे रेडिओ निवेदक जियान गोमेशी यांच्यावरून येतो. तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने, म्हणजे सीबीसीने, ऑक्टोबर २०१४मध्ये लैंगिक अत्याचाराच्या आरोपांच्या प्रकरणात त्यांना काढलं. मार्च २०१६मध्ये टोरंटोच्या न्यायालयाने त्यांना सगळ्या आरोपांतून मुक्त केलं. साक्षींत विसंगती आहेत, शंकेपलीकडे गुन्हा सिद्ध होत नाही, असं न्यायाधीशांनी म्हटलं. त्यानंतर मे महिन्यात सीबीसीतल्या एका सहकारी महिलेच्या वेगळ्या प्रकरणात त्यांनी न्यायालयात माफी मागितली, शांतता राखण्याचा जामीन लिहून दिला आणि तो आरोप मागे घेतला गेला.

फौजदारी न्यायालय विचारतं, तुरुंगात पाठवण्याइतका पुरावा आहे का? मालक विचारतो, या माणसाबरोबर बाकीच्यांना काम करायला लावणं योग्य आहे का? सीबीसीने जानिस रुबिन या वकिलांकडून चौकशी करून घेतली, तिचा अहवाल एप्रिल २०१५मध्ये, म्हणजे निकालाच्या आधी आला, आणि त्यात वरिष्ठांनी हे वागणं चालू दिल्याचं नोंदवलं. निर्दोष सुटलेल्या माणसाला कोणी गुन्हेगार म्हणू नये, याबाबत मी ठाम आहे. पण नोकरी परत मिळणं हा निर्दोष सुटण्याचा भाग नाही.

(सीबीसी श्रोत्यांच्या देणगीवर नव्हे, मुख्यतः सरकारी अनुदानावर चालते, म्हणून प्रश्न १६चं उत्तर तिला लागू नाही.)

१५. जुने कार्यक्रम काढून टाकणं योग्य आहे का?

नाही, असं माझं मत आहे, आणि या एका बाबतीत मी केइलर यांच्या चाहत्यांच्या बाजूची आहे. चार दशकांच्या त्या कार्यक्रमात शेकडो गायक, वादक, लेखक, ध्वनितंत्रज्ञ होते. पान उघडलं की जिथे तारखेनुसार प्रत्येक शनिवारचा भाग असायचा तिथे काहीच नाही, अशी अवस्था झाली तेव्हा त्या सगळ्यांचं काम एका माणसाबरोबर पुसलं गेलं. नव्याने प्रसारण थांबवणं, त्या व्यक्तीला मिळणारा मोबदला थांबवणं, पानावर स्पष्ट टीप देणं, हे करता येतं. संग्रह श्रोत्यांच्या पैशातून उभा राहिलेला असतो.

१६. अशा वेळी देणगी बंद करावी का? दिलेली परत मिळते का?

दरमहाची देणगी केव्हाही थांबवता येते, स्टेशनला फोन किंवा ईमेल पुरतो. दिलेली परत मिळण्याचा हक्क सहसा नसतो.

बंद करावी का, याचं माझं उत्तर: निवेदकासाठी करू नका, संस्थेने खोटं सांगितलं किंवा लपवलं म्हणून करा. एनपीआरच्या ‘मॉर्निंग एडिशन’ या सकाळच्या वार्तापत्रावरून निवेदक बॉब एडवर्ड्स यांना २००४ साली हलवलं, पंचवीस वर्षं पूर्ण व्हायला काही महिने उरले असताना. कसलंही गैरवर्तन नव्हतं. हजारो श्रोत्यांनी रागाची पत्रं पाठवली. राग समजतो, पण वार्ताहर तिथेच होते, बातम्या त्याच होत्या.

उलट डब्ल्यूएनवायसीचं बघा. तिथले निवेदक जॉन हॉकनबेरी ऑगस्ट २०१७मध्ये निरोप घेऊन गेले, श्रोत्यांना काही कळलं नाही. १ डिसेंबरला पत्रकार सुकी किम यांनी त्यांच्याबद्दलच्या तक्रारी छापल्या. म्हणजे श्रोत्यांना स्वतःच्या स्टेशनबद्दल मासिकातून समजलं. तेव्हा कोणी देणगी थांबवली असेल तर मी त्यांना दोष देणार नाही. पण पुढे जे झालं तेही सांगते: त्याच स्टेशनच्या ब्रायन लेहरर यांनी त्याच स्टेशनच्या प्रमुख लॉरा वॉकर यांना थेट प्रसारणात बसवून प्रश्न विचारले. ओरेस्कस प्रकरणात एनपीआरच्या मेरी लुईस केली यांनी आपले प्रमुख जार्ल मोन यांना असंच विचारलं होतं. आपल्याच मालकाला हवेवर जाब विचारणारे पत्रकार ज्या संस्थेत आहेत, तिला मी पैसे देते.

थांबवलीत तर कारण लिहून कळवा. गुपचूप बंद झालेली देणगी त्यांच्या तक्त्यात ‘कार्डाची मुदत संपली’ यांतच मोजली जाण्याची शक्यता जास्त.

१७. एवढे मोठे देणगीदार असतात, ते बातम्या फिरवत नसतील कशावरून?

शंका रास्त आहे. जोन क्रॉक, मॅकडॉनल्ड्स उभारणाऱ्या रे क्रॉक यांच्या पत्नी, २००३ साली वारल्या आणि मृत्युपत्राने एनपीआरला २० कोटी डॉलरहून अधिक देऊन गेल्या. अशी देणगी सुरक्षित, कारण देणारी व्यक्ती परत फोन करत नाही. धोका असतो तो जिवंत देणगीदाराने एका विशिष्ट विषयाच्या वार्तांकनासाठी दिलेल्या पैशात. बातमीत त्या विषयावर बोलताना ‘अमुक संस्था आमची देणगीदार आहे’ असं सांगतात का, एवढं ऐकत चला.

१८. माझं नाव-पत्ता राजकीय पक्षाला देतील का?

असं झालेलं आहे. १९९९ साली बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएचने देणगीदारांची यादी डेमोक्रॅटिक पक्षाशी अदलाबदल केल्याचं उघड झालं आणि इतर काही स्टेशनांबद्दलही तेच निघालं. काँग्रेसमध्ये गदारोळ झाला. त्यानंतर कायद्यात तरतूद आली की उमेदवार वा पक्षाला देणगीदारांची नावं भाड्याने देणाऱ्या किंवा त्यांच्याशी अदलाबदल करणाऱ्या संस्थेला सीपीबीचा पैसा मिळणार नाही. आता तो पैसाच थांबला आहे, तेव्हा तुमच्या स्टेशनचं स्वतःचं लेखी धोरण मागून घ्या. इतर ना-नफा संस्थांना यादी देतात का, हेही विचारा आणि नको असेल तर तसं कळवा.

१९. पगार आणि हिशेब कुठे बघायचे?

ना-नफा संस्था दरवर्षी कर खात्याला ‘फॉर्म ९९०’ देते आणि तो कोणालाही बघता येतो. प्रमुखांचे आणि सर्वाधिक पगार घेणाऱ्यांचे आकडे त्यात असतात. विद्यापीठाच्या मालकीच्या स्टेशनचा वेगळा फॉर्म नसण्याची शक्यता असते, तिथे विद्यापीठाचा हिशेब बघावा लागतो.

२०. आतल्याच माणसाने एनपीआर पक्षपाती आहे असं लिहिलं, त्याचं पुढे काय झालं?

यूरी बर्लिनर हे एनपीआरचे अनुभवी संपादक होते. एप्रिल २०२४मध्ये त्यांनी बाहेरच्या एका प्रकाशनात लिहिलं की एनपीआरमध्ये वेगळ्या मताला जागा उरलेली नाही. परवानगीशिवाय बाहेर लिहिल्याबद्दल पाच दिवस बिनपगारी निलंबन झालं आणि त्यांनी राजीनामा दिला. नियम मोडला हे खरं. तरी मला वाटतं त्यांच्या मुद्द्यांवर हवेवर खुली चर्चा व्हायला हवी होती, जशी ओरेस्कस प्रकरणी झाली (प्रश्न १६).

२१. भारतात श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणारा रेडिओ का नाही?

मुळात बातम्या देण्याची मोकळीक नाही. खासगी एफएमला आकाशवाणीच्या बातम्याच जशाच्या तशा लावता येतात, सामुदायिक रेडिओलाही तेच बंधन आहे. ऐंशीच्या दशकापर्यंत रेडिओ घरी ठेवायला पोस्टातून परवाना घ्यावा लागे, म्हणजे श्रोता पैसे देत होता, पण सरकारला. आणि सरकारी रेडिओ काय करू शकतो ते आणीबाणीत दिसलं: सरकारच्या प्रचाराला सहकार्य दिलं नाही म्हणून १९७६ साली किशोर कुमार यांची गाणी आकाशवाणीवरून बंद झाली. तिथे गैरवर्तन नव्हतं, तक्रार नव्हती, चौकशी नव्हती.

सामुदायिक रेडिओचं धोरण २००६ साली संस्थांसाठी खुलं झालं. साताऱ्यातल्या म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी २००८पासून चालते, तिथल्या बायका स्वतः माइकसमोर बसतात. अशा केंद्राला देणगी द्यायची असेल तर चालवणाऱ्या संस्थेकडे थेट विचारा. परदेशातून पाठवत असाल तर त्या संस्थेची विदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी आहे का ते आधी तपासा. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी भारतीयाने आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी देणगी धरले जात नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड असूनही ते विदेशी देणगीत मोडतात.